दिसायला सारखे, पण मासे वेगळे: डीएनए बारकोडिंग म्हणजे काय?

माशाचा फोटो काढला, ॲपमध्ये टाकला, नाव आलं. झालं काम? प्रत्येक वेळी नाही.

मी कागल पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्रीचा माल तपासतो. दोन कास्टिंग हुबेहूब दिसतात, पण धातू वेगळा असू शकतो. म्हणून आम्ही हीट नंबर बघतो. माशांचा असा नंबर त्यांच्या डीएनएत असतो.

ओळख चुकली तर काय बिघडतं?

महसीरचंच बघा. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरला 1839 मध्ये साइक्स यांनी शास्त्रीय नाव दिलं. आज तो ‘टॉर खुद्री’. लोणावळ्याच्या टाटा पॉवरच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार झाली आणि इतर राज्यांत, अगदी कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता. पण कावेरीत आधीच एक वेगळा, कुबडवाला महसीर होता, 50 किलोपर्यंत वाढणारा. पुढे तिथे खुद्री वाढला आणि कुबडवाला घटत गेला. 2018 मध्ये शरीररचना आणि डीएनए जुळवून संशोधकांनी दाखवलं, की हा ‘टॉर रेमादेवी’. त्याच वर्षी आययूसीएनने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं. सगळे ‘महसीर’ एकाच खात्यात मोजले, तर असा मासा संपतोय हे कळतच नाही.

बारकोडिंग कसं करतात?

1. पराचा छोटा तुकडा घेतात. मासा मारावा लागत नाही.
2. त्यातून डीएनए वेगळा काढतात.
3. ‘सीओआय’ जनुकातली साधारण 650 अक्षरं वाचतात.
4. ती बोल्ड किंवा जेनबँक या डेटाबेसशी जुळवतात.

एक मर्यादा लक्षात ठेवा. हे जनुक फक्त आईकडून येतं. त्यामुळे संकरित मासाही आईच्याच जातीचा दिसतो. अशा वेळी इतर जनुकं आणि खवले, पर, तोंडाची ठेवण हेही तपासावं लागतं.

आपण काय करायचं?

दूधगंगा असो की पंचगंगा, वेगळा मासा दिसला तर पूर्ण बाजूचा, पर उघडे असलेला स्पष्ट फोटो काढा आणि तारीख-ठिकाणासह आयनॅचरलिस्टवर टाका. ॲपने दिलेलं नाव अंदाज समजा. आणि बाहेरून आणलेले मासे ‘पुण्य लागेल’ म्हणून नदीत सोडू नका. एकदा सोडलेला मासा परत काढता येत नाही.