रिकाम्या सभागृहातील नववर्ष

संगीत हे केवळ गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचे नसते, ऐकणाऱ्याचाही त्यात वाटा असतो, ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीपासून मान्य आहे. समेवर माना डोलल्या नाहीत, तर गवयाला मैफल रंगली असे वाटत नाही. पाश्चात्य वाद्यवृंदाचा श्रोता मात्र वादन चालू असता निःशब्द बसून असतो. त्यामुळे तेथे त्याचे स्थान गौण असावे, असा समज होणे साहजिक आहे. हा समज किती अपुरा आहे, हे २०२० साली जगभर पसरलेल्या करोनाच्या साथीने दाखवून दिले. ‘व्हिएन्ना फिलहार्मोनिक’ ह्या वाद्यवृंदाची त्या काळातील हकीकत ह्या दृष्टीने बोधप्रद आहे.

ह्या वाद्यवृंदाची स्थापना १८४२ साली ओटो निकोलाय ह्या संगीतकाराच्या पुढाकाराने झाली. दरबारी संगीतनाट्यगृहातील वादकांनी स्वतःच्या जबाबदारीवर मैफली कराव्यात, ही त्यामागील कल्पना. संस्थेचा कारभार वादक स्वतःच मतदानाने चालवितात. १९३३ पासून त्यांनी कायमचा वाद्यवृंद-संचालकही नेमलेला नाही. अशा स्वायत्त संस्थेचा खरा आधार म्हणजे तिचा श्रोतृवर्ग. वर्गणीदारांसाठी मैफली भरविण्याची प्रथा तेथे १८६० पासून चालू आहे, आणि वर्गणीदारांत नाव लागावे म्हणून लोक वर्षानुवर्षे वाट पाहतात. १८७० साली खुल्या झालेल्या ‘म्युझिकफेराइन’ ह्या वास्तूतील सुवर्णसभागृहात ह्या मैफली होतात.

ह्या संस्थेची नववर्षाची मैफल जगप्रसिद्ध आहे. तिचा उगम मात्र निष्कलंक नाही. पहिली मैफल झाली ती ३१ डिसेंबर १९३९ रोजी, ऑस्ट्रिया नाझी अमलाखाली असताना, आणि तिचे उत्पन्न त्या राजवटीच्या हिवाळी मदतनिधीस गेले. त्याच राजवटीत संस्थेतील ज्यू वादकांना बाहेर काढण्यात आले होते. ह्या काळाविषयी इतिहाससंशोधकांनी केलेले काम संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केले. १९४१ पासून ही मैफल १ जानेवारीस होऊ लागली. १९५९ पासून ती दूरचित्रवाणीवर दिसू लागली आणि पुढे नव्वदाहून अधिक देशांत पोहोचली. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता ह्यांनी १९९०, १९९५, १९९८, २००७ व २०१५ अशी पाच वर्षे ह्या मैफलीचे संचालन केले आहे.

मैफलीची सांगता थोरल्या योहान श्ट्राउसच्या १८४८ सालातील ‘राडेट्स्की मार्च’ने होते. त्या वेळी संचालक वाद्यवृंदाकडे पाठ करून श्रोत्यांकडे वळतो, आणि ते तालावर टाळ्या वाजवितात. कोठे हळू, कोठे जोरात, हे तो हाताने सुचवितो. निःशब्द श्रोता तेवढ्यापुरता वादकच बनतो.

मार्च २०२० मध्ये व्हिएन्नातील सभागृहे बंद झाली. वादकांनी स्वस्थ न बसता शास्त्रीय तपासणी करून घेतली. वाद्य वाजविताना श्वासाचा झोत किती दूर जातो हे वैद्यकीय देखरेखीखाली मोजण्यात आले. तो एका मीटरच्या आतच राहतो असे आढळले. ५ जून रोजी डॅनिएल बारेनबॉइम ह्यांच्या संचालनाखाली मोझार्ट व बेथोव्हेन ह्यांच्या रचना पुन्हा ऐकू आल्या. विस्तीर्ण सभागृहात श्रोते होते अवघे शंभर! तरीही ती एक सुरुवात होती. परंतु नोव्हेंबरमध्ये साथ पुन्हा बळावली आणि दारे पुन्हा मिटली.

आता नववर्षाचा प्रश्न उभा राहिला. मैफल रद्द करावी, तर सालोसाल चालत आलेला परिपाठ खंडित होणार. करावी, तर समोर कोणीही नसणार. संस्थेने दुसरा मार्ग पत्करला. १ जानेवारी २०२१ रोजी रिकार्डो मुटी ह्यांच्या संचालनाखाली फुलांनी शृंगारलेल्या पण रिकाम्या सभागृहात वादन झाले. श्रोत्यांशी असलेले नाते टिकावे म्हणून एक नवी योजनाही केली होती. आगाऊ नावे नोंदविलेल्या जगभरातील सुमारे ७,००० श्रोत्यांनी आपापल्या घरी वाजविलेल्या टाळ्या ध्वनिक्षेपकांतून सभागृहात ऐकविण्यात आल्या. आजवर प्रक्षेपण एकाच दिशेने जात असे. त्या दिवशी घरात बसलेल्या श्रोत्याचा प्रतिसाद वादकांपर्यंत उलट पोहोचला. आपल्या छोटेखानी भाषणात मुटी ह्यांनी संगीत हा केवळ व्यवसाय नसून ते एक व्रत आहे असे सांगितले, आणि शरीराच्या आरोग्याबरोबर मनाच्या आरोग्याचीही चिंता वाहावी, अशी राज्यकर्त्यांना विनंती केली.

अखेर ‘राडेट्स्की मार्च’ सुरू झाला. तेथे मात्र टाळ्यांचा आभास निर्माण करण्यात आला नाही. ते संचलनगीत प्रथमच टाळ्यांवाचून वाजले. वादकांचे सूर तेच होते. तरीही परिचित कानांना त्यात काही तरी उणे भासले असल्यास नवल नाही. जे उणे होते ते झाकले गेले नाही, ह्यातच त्या निर्णयाचा प्रामाणिकपणा आहे.

पुढील वर्षी, २०२२ मध्ये, सभागृहात १,००० श्रोते बसले आणि टाळ्या परतल्या. यंत्र सूर दूरवर नेऊ शकते, ताटातुटीच्या काळात स्नेहाचा धागा जपू शकते. आणि हे कार्य लहान नव्हे. परंतु ते धागाच जपते, भेट घडवीत नाही. त्या वर्षी व्हिएन्नाच्या वादकांनी यंत्राची मदत मनःपूर्वक घेतली, पण श्रोत्याची जागा त्याला दिली नाही. ती त्याच्यासाठी रिकामी ठेवली.