टिअरड्रॉप : प्लायच्या तक्त्यांतून उभा राहिलेला ट्रेलर

टिअरड्रॉप हा मोटारीच्या मागे जोडून न्यायचा लहानसा ट्रेलर. पुढून फुगीर आणि मागे निमुळता होत गेलेला असल्यामुळे बाजूने तो पाण्याच्या थेंबासारखा दिसतो. आत दोन माणसे झोपतील एवढीच जागा असते. मागची झडप वर उचलली की खाली छोटा ओटा दिसतो. त्यावर स्टो, भांडी, बर्फाची पेटी. स्वयंपाक बाहेर मोकळ्यावर उभे राहूनच करायचा. जुन्या नमुन्यात लांबी 8 फूट, रुंदी 4 फूट आणि उंची 4 फुटांच्या आसपास असे. हे माप 1930 च्या दशकात अमेरिकेत रूढ झाले. ते एका अभियंत्याने किंवा एका कारखान्याने ठरवलेले नाही. मासिकातला नकाशा समोर ठेवून घराच्या गॅरेजमध्ये करवत चालवणाऱ्या हौशी माणसांच्या हातून ते घडत गेले. त्याच्या आकाराचे श्रेय नेहमी वाऱ्याला दिले जाते. पण हा ट्रेलर नीट पाहिला, तर त्याची मापे मुख्यतः प्लायवुडच्या तक्त्याने आणि जुन्या मोटारीच्या एक्सलने ठरवली, असेच म्हणावे लागते.

मोटार घेऊन उघड्यावर मुक्काम करण्याची हौस अमेरिकेत फोर्डच्या मॉडेल टी गाडीबरोबर पसरली. 1908 ते 1927 या काळात या गाड्या दीड कोटींच्या घरात तयार झाल्या, आणि शेतकरी, शिक्षक, दुकानदार अशा मध्यम मिळकतीच्या लोकांच्या दारात प्रथमच मोटार आली. 1916 आणि 1921 च्या कायद्यांनी रस्तेबांधणीला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. रस्ते सुधारले तशी माणसे लांब जाऊ लागली. हॉटेलचा खर्च परवडत नसे, म्हणून मोटारीच्या कडेलाच तंबू ताणला जाई आणि डबाबंद अन्न गरम करून जेवण उरके. 1919 मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे अशा प्रवाशांनी ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ नावाची संघटनाच स्थापन केली. अनेक गावांनी त्यांच्यासाठी मुक्कामाच्या जागा राखून ठेवल्या.

तंबूचा त्रास मात्र सुटला नाही. पावसात, अंधारात, चिखलात तो उभारायचा आणि सकाळी ओलाच गुंडाळायचा. डेट्रॉइटचे जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनी याच त्रासाला कंटाळून मासोनाइटच्या फळ्यांचा, पक्क्या भिंतींचा ट्रेलर तयार केला आणि 1930 च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात मांडला. ‘कव्हर्ड वॅगन’ या नावाने त्यांचा कारखाना काही वर्षांतच देशातला सर्वांत मोठा ट्रेलर-कारखाना झाला. पश्चिम किनाऱ्यावर मासिकांच्या व्यवसायातले वॉली बायम यांनी मॉडेल टीच्या सांगाड्यावर थेंबाच्या आकाराचा निवारा बांधला. शंभर डॉलरमध्ये ट्रेलर कसा बांधावा, यावर त्यांनी लेख लिहिला आणि नकाशे टपालाने विकले. पुढे प्रसिद्ध झालेल्या एअरस्ट्रीम कंपनीचा उगम या नकाशांच्या विक्रीत आहे. तिचा आरंभ 1931 मध्ये धरला जातो. बायम यांनी नंतर जमीन चाकांच्या मध्ये खाली घेतली, छत उंच केले आणि माणूस आत उभा राहील असा ट्रेलर बनवला. टिअरड्रॉप बांधणाऱ्यांनीही जमीन खाली घेतली, पण छत मात्र खालीच ठेवले. दोन परंपरा येथून वेगळ्या झाल्या.

थेंबाचा आकार त्या वेळी सगळीकडेच होता. जर्मनीत एडमुंड रुंपलर यांनी 1921 मध्ये थेंबाच्या आकाराची मोटार दाखवली होती. पॉल यारे यांनी वाऱ्याच्या बोगद्यातल्या प्रयोगांवरून मोटारींचे आकार सुचवले होते. 1934 मध्ये अमेरिकेत क्रायस्लरची एअरफ्लो मोटार आणि बर्लिंग्टनची झेफर रेल्वेगाडी आली. त्याच वर्षी हॉली बोलस यांनी ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडून ‘रोड चीफ’ हा ट्रेलर बाजारात आणला. लिंडबर्ग यांचे अटलांटिक ओलांडणारे विमान बांधण्याच्या कामावर हेच बोलस देखरेख करत होते. अशा वातावरणात गॅरेजमधल्या सुतारालाही आपला ट्रेलर गुळगुळीत, वळणदार असावा असे वाटणे साहजिक होते. त्या आकाराचा उपयोगही होता. पण खरा फायदा बुटकेपणाचा होता. मोटारीपेक्षा खाली राहणारा ट्रेलर बराचसा तिच्या आडोशाने चालतो. उंच चौकोनी ट्रेलर वाऱ्याला छाती देतो आणि त्या काळच्या कमी ताकदीच्या इंजिनाला चढावर दमवतो.

आता प्लायवुडकडे वळावे. लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवून केलेले तक्ते 1905 मध्ये पोर्टलंडच्या प्रदर्शनात डग्लस फरच्या लाकडात करून दाखवले गेले होते. सुरुवातीला त्यांचा उपयोग दारांच्या फळ्यांसाठी होई. 1928 च्या सुमारास 4 फूट रुंद आणि 8 फूट लांब हे माप बांधकामासाठी प्रमाण म्हणून रूढ झाले. आजही मुंबई-पुण्याच्या वखारीत ‘आठ बाय चार’ म्हटले की दुकानदाराला वेगळे काही सांगावे लागत नाही. पण सरस पाणी सोसत नव्हता. ओल लागली की थर सुटत, फुगत. 1934 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील हार्बर प्लायवुड कंपनीचे रसायनतज्ज्ञ जेम्स नेविन यांनी पाण्याने न सुटणारा सरस तयार केला आणि प्लायवुड बाहेर, उन्हापावसात वापरता येऊ लागले. घरी ट्रेलर बांधणाऱ्या माणसाला यातून मोठे बळ मिळाले. सपाट, हलका, मजबूत तक्ता जवळच्या दुकानात विकत मिळू लागला, आणि तो कापायला साधी हातकरवत पुरे होती.

ट्रेलरची मापे या तक्त्यातून सरळ निघतात. एक तक्ता जमिनीला. एक डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला. म्हणून लांबी आठ, उंची चार, रुंदी चार. बाजूच्या तक्त्यावर थेंबाची रेघ काढायची, ती नावा बांधणाऱ्यांच्या पद्धतीने : ठरावीक जागी खिळे ठोकायचे, त्यांना टेकवून लाकडाची लवचीक पट्टी वाकवायची आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. पट्टी आपणहून जेवढी वळते तेवढेच वळण सुंदर दिसते. हट्टाने तीव्र वळण दिले तर छताचा पत्रा पुढे अडून बसतो. एक बाजू कापून झाली की तिलाच साचा करून दुसरी कापायची, नाही तर छत वाकडे बसते.

तक्त्याची चार फूट रुंदी फोर्डच्या चाकांशीही जुळली. मॉडेल टीच्या दोन चाकांमधले अंतर, टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत, 56 इंच होते. 48 इंचांचा डबा त्यांच्या मधोमध नीट बसतो आणि चाके बाहेर राहतात. म्हणून डबा खाली ठेवता येतो. चाकांवर वेगळे गोल मडगार्ड बसवावे लागतात, आणि जुन्या टिअरड्रॉपच्या रूपात त्या मडगार्डांचा मोठा वाटा आहे. भंगारातून जुन्या मोटारीचा पुढचा किंवा मागचा एक्सल घ्यायचा, लोखंडी अँगलची चौकट करून त्यावर कमानपाटे बसवायचे आणि पुढे जोडणीचा दांडा काढायचा, ही तेव्हाची रीत. वजन चाकांच्या किंचित पुढे पडायला हवे. ते मागे गेले तर दांडा हलका होतो, ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे हेलकावू लागतो आणि मोटारीलाही ओढतो.

छताखाली दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, त्यावर पातळ प्लाय. पातळ प्लाय एका दिशेला सहज वाकते, दुसरीकडे मोडते. पुढच्या गोलाईवर ते गरम पाण्याने भिजवून, पट्ट्यांनी आवळून रात्रभर तसेच ठेवावे लागते. 1930 च्या दशकात त्यावर रंगात भिजवलेले कॅनव्हास चिकटवण्याची पद्धत होती. ॲल्युमिनियमचा पत्रा परवडणाऱ्यांनी पत्रा लावला. पत्र्याच्या कडा भिंतीवर दुमडायच्या, खाली पुट्टी भरायची, वर पट्टी ठोकायची. टिअरड्रॉपला गळती लागते ती बहुधा या कडेला किंवा मागच्या झडपेच्या बिजागरीपाशी.

झडप हा या कामातला सर्वांत अवघड भाग. तिला वळणदार लाकडी फासळ्या लागतात, आणि त्या भिंतीच्या वळणाशी तंतोतंत जुळाव्या लागतात. सांगाड्यावर आवळपट्ट्यांनी प्लाय चढवताना झडप नीट बसलेली असते. आवळपट्ट्या सोडताच प्लाय सरळ होऊ पाहते आणि खालचे टोक भिंतीपासून सुटते. अनुभवी माणूस म्हणून फासळ्यांना हव्या त्यापेक्षा थोडे जास्त वळण देतो. नवशिक्याची झडप खाली फाकते आणि पहिल्याच पावसात ओट्यावर पाणी येते.

आतली रचना काटकसरीची. डोके पुढे, पाय मागे. पाय मागच्या ओट्याच्या कपाटाखाली सरकतात, त्यामुळे आठ फुटांत झोपायची जागाही बसते आणि स्वयंपाकाचीही. 48 इंचांतून भिंतींची जाडी वजा केली की दोघांना अंग चोरूनच झोपावे लागते. दोन माणसांच्या श्वासाने बंद डबा रात्रीतून आत ओला होतो. म्हणून छताला लहान झरोका आणि दारांना उघडणाऱ्या खिडक्या लागतात. ज्याने झरोका काढला नाही, त्याचे प्लाय आतून काळे पडले.

हे सारे ज्ञान पसरले ते मासिकांमुळे. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ 1902 पासून शिकागोहून निघत होते आणि सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत यंत्रे व कारागिरी समजावणे हे त्याचे ब्रीद होते. त्याच्यासारख्या इतर मासिकांतही ट्रेलरचे नकाशे, लाकडाची यादी आणि कृती छापून येत. ही मासिके केवळ करमणूक होती असे मानणे चूक ठरेल. मंदीच्या काळात हाताला काम नसलेल्या पण कौशल्य असलेल्या माणसाला त्यांनी काहीतरी उभे करण्याची वाट दाखवली. पैसा कमी आणि वेळ हाताशी, अशा स्थितीत भंगारातला एक्सल आणि काही तक्ते एवढ्या भांडवलावर कुटुंबाची सुटी निघत असे.

मोठ्या ट्रेलरांबद्दल तेव्हा समाजात धास्ती होती. अर्थविषयक भाकिते करणारे रॉजर बॅबसन यांनी तर वीस वर्षांत निम्मी अमेरिका चाकांवर राहील असे सांगितले होते. नगरपालिकांना कर न भरणाऱ्या फिरत्या वस्त्या नको होत्या, म्हणून ट्रेलरच्या मुक्कामावर निर्बंध येऊ लागले. टिअरड्रॉपमध्ये मात्र कायमचे राहणे कोणालाच शक्य नव्हते. तो सुटीचा ट्रेलर होता आणि तेवढाच राहिला.

युद्धाने हे काम थांबवले. 1942 मध्ये टायर आणि पेट्रोल रेशनवर गेले, सुटीचे लांब प्रवास बंद पडले. 1945 नंतर चित्र पालटले. विमानांसाठी तयार झालेले ॲल्युमिनियम आणि लष्करी वाहनांची चाके स्वस्तात विकायला निघाली. दक्षिण कॅलिफोर्नियात विमानाच्या कारखान्यांत पत्रा वाकवायला आणि रिव्हेट मारायला शिकलेले कामगार होते. टिअरड्रॉपचा सर्वांत भरभराटीचा काळ तेथेच आला. किट, केनस्किल, बेनरॉय अशी लहान कारखान्यांची नावे त्या काळची आहेत. यांतील किटने 1945 मध्ये सुरुवात केली ती सुटे भाग विकून. गिऱ्हाइकाने ते घरी नेऊन जोडायचे. घरी बांधण्याची परंपरा कारखान्यातही अशी टिकून राहिली.

1950 च्या दशकात ओघ ओसरला. इंजिने मोठी झाली, 1956 च्या कायद्याने रुंद महामार्गांचे जाळे सुरू झाले, कुटुंबात मुले वाढली. उभे राहता येईल, शौचालय असेल, पावसात आत बसून जेवता येईल असा ट्रेलर ओढणे शक्य झाल्यावर लोकांनी तो घेतला. जुने टिअरड्रॉप परसात कुजले किंवा कोंबड्यांची खुराडी झाले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची डागडुजी करणारे हौशी लोक पुढे आले आणि जुने नकाशे पुन्हा हातोहात फिरू लागले. लहान मोटारी वजनदार ट्रेलर ओढू शकत नाहीत, हे कारण होतेच. नव्या बांधणीत रुंदी बहुधा पाच फूट असते, एक्सल नवा विकत घेतात, लाकडावर इपॉक्सी चढवतात, दिवे एलईडीचे असतात. काहींनी प्लायही सोडले आहे. ते घट्ट फोमचे तक्ते जोडतात, त्यावर पाण्याने न सुटणाऱ्या सरसात भिजवलेले कॅनव्हास ताणतात आणि वरून घराचा रंग देतात. रंगात भिजवलेल्या कॅनव्हासची जुनी युक्ती अशी नव्या साहित्यावर परत आली आहे. पहिल्यांदाच बांधणाऱ्यासाठी ही पद्धत सोपी आहे, पण टिकाऊपणात ती चांगल्या प्लायची बरोबरी करील असे मानू नये. फोमवर दगड उडाला तर खळगा पडतो.

अमेरिकेत घरी बांधलेला ट्रेलर रस्त्यावर आणण्यासाठी राज्याच्या वाहन खात्यात नोंदवावा लागतो. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. अनेक ठिकाणी दिवे, चाके आणि जोडणी तपासली जाते, वजन लिहून घेतले जाते आणि खाते ट्रेलरला स्वतःचा क्रमांक देते. अशा ट्रेलरच्या कागदपत्रांत कंपनीच्या नावाच्या जागी ‘घरी बनवलेला’ अशी नोंद होते.