पूर्वजांसाठी आकाश : रशियन कॉस्मिझमचा मूळ प्रश्न आणि त्याचा साहित्यिक वारसा

रशियन कॉस्मिझम या विचारप्रवाहाचा इतिहास सर्वसाधारणपणे एका सरळ रेषेत सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथपाल निकोलाय फ्योदोरोव्ह यांनी मानवजातीने पृथ्वीबाहेर पडावे असे स्वप्न पाहिले; कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की यांनी त्याला गणिताचा आधार दिला; आणि १९५७ मधील स्पुत्निक व १९६१ मधील युरी गागारिन यांच्या उड्डाणांनी ते साकार झाले, अशी ही मांडणी आहे. या मांडणीतील घटना खऱ्या आहेत; परंतु त्या अशा रीतीने जोडताना कॉस्मिझमचा मूळ प्रश्नच हरवतो. माणूस ताऱ्यांपर्यंत कसा पोहोचेल, हा फ्योदोरोव्ह यांच्यासमोरचा प्रश्न नव्हता. जिवंत माणसे मृतांचे काय देणे लागतात, हा होता. हे दोन प्रश्न एकमेकांपासून केव्हा व कसे विलग झाले आणि त्यांपैकी दुसरा प्रश्न साहित्याने कसा जपला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रारंभी एक बाब स्पष्ट करावयास हवी. आज ज्यांना कॉस्मिस्ट म्हटले जाते, त्या विचारवंतांनी आपण एका चळवळीचे घटक आहोत असे कधी मानले नव्हते. 'रशियन कॉस्मिझम' ही संज्ञा १९७० च्या दशकात रूढ होऊ लागली. स्वेतलाना सेम्योनोव्हा यांनी संपादित केलेला फ्योदोरोव्ह यांच्या लेखनाचा खंड १९८२ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध झाला आणि १९९३ मध्ये 'रशियन कॉस्मिझम' याच नावाचे संकलन आले. म्हणजे ही परंपरा मागे वळून पाहताना रचली गेलेली आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला अशा परंपरेत प्रत्यक्ष संपर्क, स्वतंत्रपणे उद्भवलेले साम्य आणि नंतर जोडलेली वंशावळ या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

फ्योदोरोव्ह (१८२९–१९०३) हे प्रिन्स गागारिन यांच्या घराण्यातील अनौरस पुत्र. काही वर्षे जिल्हा शाळांतून इतिहास व भूगोल शिकविल्यावर ते मॉस्कोतील चेर्तकोव्ह ग्रंथालयात आणि पुढे १८७४ पासून सुमारे पाव शतक रुम्यान्त्सेव्ह संग्रहालयाच्या ग्रंथालयात होते. हेच ग्रंथालय आज रशियन राज्य ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. त्यांची राहणी विरक्ताची होती आणि स्वतःच्या नावाने लेखन प्रसिद्ध करणे त्यांना अमान्य होते. 'सामाईक कार्याचे तत्त्वज्ञान' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर पीटरसन व कोझेव्हनिकोव्ह या अनुयायांनी काढला. १९०६ मध्ये व्हेर्नी (आजचे अल्माटी) येथे छापलेल्या पहिल्या खंडाच्या केवळ ४८० प्रती होत्या आणि त्या विक्रीसाठी नव्हत्या. दुसरा खंड १९१३ मध्ये मॉस्कोत निघाला.

त्यांचा विचार थोडक्यात असा : मृत्यू हा नियतीचा अटळ नियम नव्हे, तर आंधळ्या निसर्गशक्तीचा परिणाम होय, आणि त्या शक्तीचे नियमन करणे हे विज्ञानाचे काम आहे. १८९१ च्या दुष्काळात, स्फोटकांच्या साहाय्याने पाऊस पाडण्याचे अमेरिकेतील प्रयोग त्यांच्या वाचनात आले, तेव्हा त्यांनी सैन्यांकडे याच दृष्टीने पाहिले. माणसे मारण्यासाठी उभारलेली यंत्रणा निसर्गाच्या नियमनासाठी का वापरू नये, असा त्यांचा प्रश्न होता. या नियमनाचे अंतिम साध्य म्हणजे आजवर होऊन गेलेल्या सर्व पिढ्यांचे देहासह पुनरुत्थान. इतक्या पिढ्यांना पृथ्वी पुरणार नाही, म्हणून अन्य ग्रहांवर वस्ती करावयाची. आकाश हवे, ते पूर्वजांना राहण्यासाठी.

या भूमिकेचा सर्वांत तीक्ष्ण भाग म्हणजे प्रगतीच्या कल्पनेवरील आक्षेप. प्रगती म्हणजे पुत्रांनी पित्यांपेक्षा आणि जिवंतांनी मृतांपेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजणे, असे फ्योदोरोव्ह यांचे मत होते. येणाऱ्या पिढ्यांच्या सुखासाठी मागच्या पिढ्या खर्ची पडल्या, हे ज्या इतिहासदृष्टीला खटकत नाही, ती त्यांना अनैतिक वाटे. भारतीय वाचकाला येथे पितृऋणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र हे साम्य वरवरचे आहे. पितृऋण संततीच्या द्वारे फिटते, वंश पुढे चालवणे हीच त्याची परतफेड. फ्योदोरोव्ह यांच्या दृष्टीने संतती हे ऋण वाढविते, कारण प्रत्येक नवा जन्म आधीच्या पिढीला जगातून दूर सारतो. म्हणून जन्म देण्याची शक्तीच त्यांना जन्मदात्यांच्या पुनरुत्थानाकडे वळवावयाची होती.

हा विचार साहित्यात पोहोचला तो ग्रंथ छापला जाण्यापूर्वीच. पीटरसन यांनी आपल्या गुरूचे नाव न सांगता त्यांचे विचार दस्तयेव्हस्की यांना कळविले. मार्च १८७८ मधील उत्तरात दस्तयेव्हस्की यांनी त्या विचारांशी आपली सहमती नोंदविली आणि हे पुनरुत्थान शब्दशः घ्यावयाचे काय, अशी पृच्छा केली. या पत्राला उत्तर म्हणून फ्योदोरोव्ह यांनी जे लिहावयास घेतले, तेच पुढे त्यांच्या ग्रंथाचा गाभा बनले. १८८१ मध्ये दस्तयेव्हस्की निवर्तले. ते उत्तर त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही.

'करामाझोव्ह बंधू' (१८७९–८०) ही पितृहत्येची कादंबरी या पत्रव्यवहारानंतरची आहे, आणि पूर्वजांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख तिच्या टिपणांत आढळतो. त्यामुळे संपर्क सिद्ध आहे. परंतु त्याहून अर्थपूर्ण असे एक साम्य आहे. भविष्यातील सुसंवादासाठी एका निरपराध बालकाच्या अश्रूंची किंमत मोजावी लागत असेल तर तो आपल्याला नको, ही इव्हानची भूमिका आणि फ्योदोरोव्ह यांचा प्रगतीवरील आक्षेप यांचा आशय एकच आहे. फरक उत्तरात आहे. इव्हान ते भविष्य नाकारतो; फ्योदोरोव्ह त्या बालकाला परत आणण्याचे काम मानवजातीवर सोपवितात.

त्सिओल्कोव्स्की (१८५७–१९३५) यांच्यापाशी हे सूत्र तुटते. बालपणीच्या आजाराने श्रवणशक्ती गमावलेला हा तरुण १८७३ ते १८७६ या काळात मॉस्कोत स्वाध्याय करीत होता, तेव्हा ग्रंथपाल फ्योदोरोव्ह यांनी त्याला पुस्तके पुरविली. या भेटीवरून अनेकांनी गुरुशिष्यपरंपरा कल्पिली आहे. पण फ्योदोरोव्ह यांचे विचार त्या काळी त्यांना ठाऊक नव्हते. रॉकेटच्या साहाय्याने अंतराळाचा शोध घेण्याविषयीचा त्यांचा पायाभूत लेख १९०३ मध्ये, म्हणजे फ्योदोरोव्ह यांच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. पुढे 'विश्वाचे अद्वैत' (१९२५) सारख्या पुस्तिकांत त्यांनी मांडलेल्या तत्त्वज्ञानात अणू हा चिरंतन आणि संवेदनशील आहे. मृत्यू म्हणजे केवळ अणूंची पुनर्रचना. साहजिकच तेथे विशिष्ट मृत व्यक्तीला परत आणण्याचे प्रयोजन उरत नाही. उलट, विश्वातील अपूर्ण व दुःखी जीवनाचा वेदनारहित रीतीने लोप घडवावा, असेही ते सुचवितात. ज्या विचाराचा आरंभ कोणालाही वगळावयाचे नाही या आग्रहाने झाला, त्याच्याच नावाखाली निवडीचे तत्त्व असे येऊन बसले.

क्रांतीनंतरच्या काळात या दोन्ही प्रवृत्ती शेजारी शेजारी दिसतात. १९२० च्या दशकाच्या आरंभी बायोकॉस्मिस्टांच्या लहानशा गटाने अमरत्व आणि विश्वसंचार हे मानवाचे हक्क म्हणून घोषित केले. 'लाल तारा' (१९०८) ही मंगळावरील कादंबरी लिहिणारे बोग्दानोव्ह रक्तसंक्रमणाच्या प्रयोगांकडे वळले आणि १९२८ मध्ये स्वतःवरील अशाच प्रयोगात मरण पावले. चिझेव्स्की यांनी १९२४ मध्ये सूर्यावरील घडामोडी आणि ऐतिहासिक उलथापालथी यांचा संबंध मांडला; १९४२ मध्ये त्यांना अटक होऊन अनेक वर्षे छावण्यांत काढावी लागली. 'जीवावरण' (१९२६) लिहिणारे भूरसायनशास्त्रज्ञ व्हेर्नाद्स्की यांनी मानवी बुद्धीला भूवैज्ञानिक शक्ती मानले. या सर्वांची दृष्टी भविष्याकडे आहे. मृतांचा प्रश्न त्यांच्या चिंतनाच्या केंद्रस्थानी नाही.

तो प्रश्न आंद्रेय प्लातोनोव्ह (१८९९–१९५१) यांच्या गद्यात पुन्हा केंद्रस्थानी येतो. 'चेव्हेंगूर'मध्ये मृत्यू म्हणजे काय हे जाणण्याच्या ओढीने एक कोळी सरोवरात उतरतो आणि कादंबरीच्या अखेरीस त्याचा मुलगा साशा द्वानोव्ह त्याच पाण्यात पित्याकडे जातो. 'कोत्लोव्हान' (पायाचा खड्डा, १९२९–३०) मधील व्होश्चेव्ह वाळलेले पान, टाकून दिलेल्या वस्तू असे नष्टप्राय सारे आपल्या पिशवीत जपून ठेवतो. संग्रहालय म्हणजे मृतांच्या अवशेषांचे जतन आणि म्हणून पुनरुत्थानाची पूर्वतयारी, ही फ्योदोरोव्ह यांची धारणा येथे एका बेकार मजुराच्या पिशवीत सामावली आहे. ज्या भावी निवासासाठी खड्डा खोदला जात आहे त्याची खरी वारसदार असलेली नास्त्या ही मुलगी मरण्यापूर्वी आपल्या आईची हाडे मागते. शेवटी त्या जागी तिचेच दफन होते. इव्हानचा प्रश्न अर्ध्या शतकानंतर प्रत्यक्ष बांधकामाच्या जागी उभा राहतो. या कृती लेखकाच्या हयातीत सोव्हिएत रशियात पूर्णतः प्रसिद्ध होऊ शकल्या नाहीत. 'कोत्लोव्हान' १९८७ मध्ये आणि 'चेव्हेंगूर' १९८८ मध्ये तेथील वाचकांपर्यंत पोहोचली.

प्लातोनोव्ह यांना फ्योदोरोव्ह यांचे अनुयायी म्हणून थांबणे मात्र पुरेसे नाही. त्यांच्या पात्रांना मृत परत हवे आहेत, पण त्यांना परत आणण्याचे कोणतेही साधन त्यांच्या हाती नाही. तत्त्वज्ञाने दिलेले आश्वासन कादंबरी देत नाही. ती फक्त देणे मान्य करते. अंतराळयुगाचे पूर्वसूरी म्हणून कॉस्मिस्टांचा गौरव करणाऱ्या इतिहासात नेमके हेच देणे नोंदविले जात नाही. यशाचा इतिहास ज्यांना यश मिळाले त्यांच्यापासून मागे जात लिहिला जातो. फ्योदोरोव्ह यांची हरकत अशाच इतिहासलेखनाला होती, हे ध्यानात घेता रशियन कॉस्मिझमचा साहित्यिक वारसा अंतराळप्रवासाच्या कथांबरोबरच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, व्होश्चेव्हच्या पिशवीत शोधावा लागेल.