उमेदवारी: प्रथेपासून कायद्यापर्यंत
'उमेदवारी करणे' या मराठी शब्दप्रयोगात जाणकाराच्या हाताखाली अल्प मोबदल्यावर धंदा शिकणे अभिप्रेत असून, मूळ फारसी शब्दातली आशा त्यात अद्याप टिकून आहे. भारतात या प्रथेला कायदेशीर चौकट 1850 च्या अधिनियमाने दिली. त्याचा रोख मुख्यतः अनाथ व गरीब मुलांवर होता आणि दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला करारपत्राने जास्तीत जास्त सात वर्षे मालकाशी बांधता येई, त्यामुळे त्यात शिक्षणापेक्षा बंदोबस्ताचाच वास अधिक होता.

1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने प्रशिक्षणाचा भार उद्योगांवर टाकला. अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवारांना आपापल्या कारखान्यांत आळीपाळीने फिरवून प्रत्यक्ष काम शिकवावे, अशी मुभा त्यात होती. ज्या छोट्या कारखान्यात केवळ लेथ, म्हणजे धातू कातण्याचे यंत्र, असे, त्याच्यासाठी ही तरतूद सर्वांत दूरदृष्टीची म्हणावी लागेल. 1973 च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंतेही कायद्याच्या कक्षेत आले, म्हणजे कामाच्या अनुभवाची वाण आता सुशिक्षितांनाही भासू लागली होती. 2016 च्या योजनेनुसार विद्यावेतनाचा, म्हणजे शिकताना मिळणाऱ्या मासिक रकमेचा, काही वाटा केंद्र सरकारने उचलला.