'श्री राजा शिव' लिहिलेलं प्रत्येक नाणं शिवकालीन असतं का?

तांब्याच्या जाड नाण्यावर 'शिव' ही अक्षरं दिसली की सोशल मीडियावर फोटो पडतो आणि खाली कमेंट येते, 'शिवकालीन आहे, लाखो मिळतील!' बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं.

हे नाणं म्हणजे शिवराई. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति' आणि कडेने ठिपक्यांचं वर्तुळ. शिवाजी महाराजांच्या १६७४च्या राज्याभिषेकाशी ती जोडलेली आहे. मात्र महाराजांनंतरही, अगदी पेशवाईतही, शिवराईवर 'शिव' हेच नाव राहिलं. त्यामुळे नुसत्या नावावरून काळ ठरत नाही.

मग बघायचं काय? अक्षरांचं वळण आणि वजन. सुरुवातीच्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, अक्षरं बऱ्यापैकी रेखीव. पुढे वजन घटत गेलं, अक्षरं ओबडधोबड झाली आणि 'शिव'चं 'सिव'ही झालं. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेषा असतील तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे बरीच उशिराची. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने अनेकदा अर्धीच अक्षरं उमटतात. 'राजा'तला फक्त 'जा' दिसला म्हणून नाणं खोटं ठरत नाही.

चांदीत उलटी गंमत आहे. पेशवाईतल्या अंकुशी रुपयावर मजकूर फारसीत आणि नाव मुघल बादशहाचं, पण नाणं मराठ्यांचं. ओळखायची खूण म्हणजे अंकुश.

कुंभवली, बोईसर, तारापूर या पट्ट्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला तो जानेवारी १७३९मध्ये. त्यामुळे इथल्या घरात निघालेली शिवराई त्यानंतरची असण्याचीच शक्यता जास्त. दमण जवळ असल्याने पोर्तुगीज नाणंही निघू शकतं.

नाणं चिंच-मिठाने घासू नका, अक्षरं झिजतात. ते जमिनीत सापडलं असेल, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. आणि 'रिझर्व्ह बँक जुनी नाणी घेते, आधी शुल्क भरा' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. आपण असा व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही मागत नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केलं आहे.