गिरणगांवचें स्थित्यंतर

परळ, लालबाग, भायखळा, वरळी या मुंबईच्या भागाला गिरणगांव हें नांव सरकारी हुकुमानें मिळालें नाहीं. भोंग्याच्या वेळेवर जगणाऱ्या माणसांनींच तें रूढ केलें. आज त्याच भागांत देशांतील अत्यंत महागड्या सदनिका विकल्या जातात. धुराड्यांच्या जागीं काचेचे मनोरे उभे राहिले, हें सर्वांनाच दिसतें. परंतु त्या जमिनीचें मोल कोणाच्या पदरांत पडलें, हें जाणण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

१८५४ सालीं कावसजी दावर यांनीं सूतगिरणीची कंपनी काढली, आणि १८५६ सालीं ताडदेवास तिचीं यंत्रें फिरूं लागलीं. पुढें गिरण्या वाढल्या. कोंकणांतून व घाटावरून माणसें येत गेलीं. गाळ्यांत पाळीपाळीनें झोपणारे कामगार आणि त्यांना जेवूं घालणाऱ्या खाणावळवाल्या यांची एक नवी वस्ती वसली. १८९६ च्या प्लेगनें तेथील दाटीचें भीषण रूप उघडें केलें. तेव्हां १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आणि १९२० नंतर सरकारी डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतील खोली अवघी १६० चौरस फुटांची.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधींच मागें घेतला गेला नाहीं. अनेक गिरण्या मात्र पुन्हां पूर्वीसारख्या चालल्या नाहींत. यंत्रें जुनीं, धंदा खालावलेला. पण जमीन शहराच्या मध्यावर, रेल्वे स्थानकांच्या लगत! कापडापेक्षां त्याखालची माती मोलाची ठरली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ व्या नियमानें या मातीची वांटणी सांगितली: स्थूलमानानें एक तृतीयांश महापालिकेस मोकळ्या जागेसाठीं, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठीं, उरलेली मालकास. २००१ सालीं हा नियम बदलला. वांटणी आतां सगळ्या आवाराची नव्हे, तर त्यांतील आधींपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरतीच राहिली. दहा एकरांच्या आवारांत आठ एकरांवर इमारती असल्या, तर पूर्वीं दहा एकर वांटले जाते. आतां केवळ दोन. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं याविरुद्ध निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २००६ रोजीं तो फिरवून नवा नियम कायम केला.

दरम्यान २००५ सालीं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानें मुंबई टेक्स्टाईल मिलची सुमारें १७ एकर जमीन ७०२ कोटी रुपयांस विकली. इतर गिरण्यांचें पुनरुज्जीवन व कामगारांचीं देणीं यांसाठीं हा पैसा उभा करावयाचा होता. हेतु रास्त असेल. परंतु ज्यानें जमिनीला एवढी किंमत मोजली, तो सामान्यांसाठीं घर कसें बांधणार? लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवरील 'वर्ल्ड वन' हा २८० मीटर उंचीचा मनोरा याच हिशेबाचें फळ होय. उलट, २०१२ सालीं गिरणी कामगारांसाठीं जी सोडत निघाली तींत घरें होतीं ६,९२५, आणि अर्जदार लाखाहून अधिक.

ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या जुन्या चाळींतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. यावरून एवढें सिद्ध होतें कीं, मूळच्या रहिवाशाला त्याच मातींत ठेवणें अशक्य नव्हतें.

मुळा-पवनेच्या सान्निध्यांतील सांगवीपासून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांपर्यंत जो औद्योगिक पट्टा पसरला आहे, त्यालाही हा इतिहास परका नाहीं. कारखाना उठतो तेव्हां प्रश्न केवळ इमारतीचा नसतो. त्याच्या आश्रयानें वसलेल्या वस्तीचाही असतो. तिचा वांटा जमीन विकण्यापूर्वीं, स्पष्ट शब्दांत लिहिला गेला पाहिजे. गिरणगांवांत तो लिहिला गेला होता. पण नियमाची शब्दरचना बदलली, आणि वांटा आटला.