युवकांची कलापथके आणि बोलीचा प्रश्न : तेरखेडा परिसराच्या निमित्ताने

मराठी रंगभूमीच्या इतिहासाचे लेखन बहुधा नाटककार, नाटक मंडळ्या आणि नाट्यगृहे ह्यांच्या आधारे झालेले आहे. ज्या गावी नाट्यगृह नाही आणि नाटक मंडळीचा मुक्कामही कधी पडला नाही, त्या गावच्या तरुणाला ह्या इतिहासात स्थान मिळणे कठीण. तथापि गेल्या सव्वाशे वर्षांत मेळा, जलसा, कलापथक, बालनाट्य, एकांकिका-स्पर्धा अशा नानाविध मार्गांनी तरुणांना सामुदायिक कलेकडे वळविण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. त्या प्रयत्नांचा एका विशिष्ट दृष्टीने विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. ती दृष्टी भाषेची होय. रंगमंचावर उभ्या राहिलेल्या तरुणाच्या तोंडी कोणाची भाषा घातली गेली, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

ह्या विचारासाठी धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव निवडण्यास कारण आहे. शोभेच्या दारूच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव सोलापूर-धुळे मार्गावर वसलेले आहे. जवळचे मोठे बाजारपेठेचे शहर बार्शी. आज ह्या दोन गावांमध्ये केवळ जिल्ह्याची सीमा आहे. परंतु १९५६ पर्यंत त्यांच्या दरम्यान दोन राज्यांची सरहद्द होती. बार्शी मुंबई इलाख्यात, तर तेरखेडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. दोन्हीकडील शेतकऱ्यांची घरातली बोली जवळजवळ एकच. शाळेची, कचेरीची आणि सभेची भाषा मात्र निराळी.

बार्शीच्या मुलाला माध्यमिक शिक्षणात मराठीचा आधार होता. हैदराबाद संस्थानात राजभाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, आणि प्राथमिक वर्गांच्या पुढे गेलेल्या मराठी मुलाला बहुतेक ठिकाणी त्याच भाषेत शिकावे लागे. ह्याच जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ साली निघालेल्या राष्ट्रीय शाळेचे महत्त्व ह्या संदर्भात लक्षात घ्यावयास हवे. पुढे स्वामी रामानंद तीर्थ ह्यांनी अध्यापन केलेल्या ह्या शाळेने मुलांना त्यांच्या मातृभाषेत शिकण्याची सोय करून दिली. दुसरीकडे १९२९ च्या त्रेपन्न क्रमांकाच्या गश्तीने सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगीचे बंधन घातले. तात्पर्य, सरहद्दीच्या अलीकडच्या तरुणाला चारचौघांत उभे राहून आपल्या भाषेत बोलण्याची संधी दोन प्रकारे आकुंचित झाली होती : शाळेत भाषेमुळे आणि चावडीपुढे कायद्यामुळे.

अशा परिस्थितीत तरुणाचे वाक्-शिक्षण कोठे होत असे? ते देवळात आणि जत्रेत होत असे. तुळजापूरच्या भवानीचे क्षेत्र ह्याच जिल्ह्यात असल्याने गोंधळाची परंपरा येथे घरोघरी परिचित होती. गोंधळी, शाहीर आणि भजनी ह्या सर्वांच्या मागे उभे राहून ध्रुपद उचलणारा जो झीलकरी, तो बहुधा वयाने लहान असे. झील धरता धरता त्याला ताल, उच्चार, श्वास आणि श्रोत्यांची नाडी ह्या चारही गोष्टी कळत. ही शाळाच होती, फक्त तिचा हजेरीपट नव्हता.

ह्या जुन्या व्यवस्थेतून आधुनिक सामुदायिक कार्यक्रम कसे घडत गेले हे त्यांच्या नावांवरूनही उमगते. ‘मेळा’ हा शब्द संस्कृत ‘मेल’ ह्या शब्दाशी नाते सांगतो. सार्वजनिक गणेशोत्सवाबरोबर १८९४ च्या सुमारास गाणाऱ्या तरुणांच्या टोळीला तो रूढ झाला. ‘जलसा’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ बैठक. सत्यशोधक समाजाच्या प्रचारकांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात समाजसुधारणेचा आशय भरला आणि त्यास जलसा म्हटले. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक प्रभृतींनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. ‘पथक’ हा शब्द तर मराठेशाहीच्या लष्करी व्यवहारातला. त्याला ‘कला’ जोडून झालेला ‘कलापथक’ हा सामासिक शब्द १९४० नंतरच्या दशकात प्रचारात आला. मेळ्यात एकत्र येणे आहे, जलशात बसणे आहे. पथकात कूच करणे आहे. प्रेक्षकाने रंगमंचाकडे यावे ही अपेक्षा सोडून रंगमंचानेच प्रेक्षकाकडे जावयाचे, हा बदल ह्या एका शब्दाने नोंदविला आहे.

ह्या कूच करणाऱ्या कलेचा एक मोठा शाहीर सरहद्दीला लागून असलेल्या बार्शीनेच दिला. अमर शेख ह्यांचा जन्म १९१६ साली बार्शी येथे झाला. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर ह्यांच्यासमवेत त्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. गिरणी-कामगारांच्या वस्तीत वाढलेल्या ह्या पथकाची भाषा गावाकडून मुंबईस आलेल्या माणसाची भाषा होती. वर्गात बसून नव्हे, तर कष्टाच्या जागी ती घडली होती.

दुसरी महत्त्वाची परंपरा राष्ट्र सेवादलाची. १९४१ साली पुणे येथे सेवादलाची नवी उभारणी झाली. त्याच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे, सुधा वर्दे आदींनी काम केले. मुलगे आणि मुली ह्यांनी एकाच मंचावर नाचावे-गावे, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. ती ह्या पथकाने सहज करून दाखविली. पु. ल. देशपांडे ह्यांचे ‘पुढारी पाहिजे’ आणि व्यंकटेश माडगूळकर ह्यांचे ‘बिनबियांचे झाड’ ही लोकनाट्ये ह्याच वातावरणातली. पुढे निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे नट ह्याच मुशीतून आले. फुले पुण्यात माळीकाम करीत होते आणि नगरकर केशकर्तनाचा पिढीजात व्यवसाय. शुद्ध उच्चाराची अट घालून नट निवडले असते, तर ही माणसे रंगभूमीला लाभली असती असे वाटत नाही.

ह्याचे कारण लोकनाट्याच्या रचनेतच सापडते. गण, गौळण, बतावणी आणि वग ह्या तमाशाच्या अंगांपैकी बतावणी ही बव्हंशी उत्स्फूर्त असते. संहितेचे बंधन शिथिल झाले की नट स्वतःच्या बोलीकडे वळतो, कारण ऐनवेळी सुचणारा शब्द हा पाठ केलेल्या भाषेत सुचत नाही. कलापथकांनी बतावणी राखली म्हणून तरुणांची बोली राहिली.

तथापि ह्या यशाची मर्यादाही नोंदविणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात उत्तम पात्रांना संस्कृत आणि इतरांना प्राकृत भाषा नेमून दिल्या आहेत. हा भेद आधुनिक मराठी रंगभूमीवरून पुरता नाहीसा झाला नाही : नायक प्रमाण मराठीत बोलतो आणि गडी बोलीत बोलून हसवितो. लोकनाट्याने गड्याला नायक केले, ही त्याची कामगिरी. परंतु त्याने बोलीचे हसविण्याचे काम सोडविले नाही. शिवाय लोकनाट्यातून आणि पुढे चित्रपटातून ‘ग्रामीण’ म्हणून जी भाषा रूढ झाली, ती प्रामुख्याने पुणे, सातारा, कोल्हापूर ह्या पट्ट्यातली. धाराशिव-लातूरकडील ‘काय करलालास?’ हा प्रयोग त्या भाषेत जवळजवळ आढळत नाही. ‘करू लागलास’ ह्यातील गकाराचा लोप होऊन हे रूप सिद्ध झाले असावे. म्हणजे हा अपभ्रष्ट उच्चार नसून चालू क्रियेची नियमबद्ध रचना आहे. प्रमाण भाषेच्या जोडीला आणखी एक प्रमाण ग्रामीण भाषा निर्माण झाली, आणि तेरखेड्याच्या मुलाला दोन्ही परक्याच राहिल्या.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली औरंगाबाद येथे विद्यापीठ स्थापन झाले. भाषेची सरहद्द पुसली गेली असे त्या वेळी वाटणे स्वाभाविक होते. ह्याच सुमारास तरुणांच्या रंगकार्याचे स्वरूप पालटत होते. १९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. १९६३ साली पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने महाविद्यालयीन तरुणांसाठी पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली. पथक जाऊन स्पर्धा आली. स्पर्धेने शिस्त, तंत्र आणि नवे लेखक दिले ह्यात शंका नाही. परंतु पथकातील तरुणाचा न्याय समोर बसलेला गाव करीत असे. स्पर्धेतील तरुणाचा न्याय परीक्षक करतो, आणि त्याच्या हाती गुणपत्रक असते.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका आंतरमहाविद्यालयीन एकांकिका-स्पर्धेचा परीक्षक होता. ह्याच भागातील एका विद्यार्थ्याने भूमिहीन बापाचे काम केले. तो ‘पानी’ म्हणाला, ‘करलालाव’ म्हणाला. वाचिक अभिनयाच्या रकान्यात ‘उच्चार अशुद्ध’ असा शेरा मारून लेखकाने त्याचे गुण कमी केले. बोलीभाषांचा अभ्यास हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या हातून हे घडले. तो बाप पुणेरी उच्चारात बोलता तर खोटा ठरला असता, हे परतीच्या प्रवासात ध्यानी आले. तोवर निकाल लागून गेला होता. त्या मुलाने पुढे नाटकात काम केले की नाही, ह्याची चौकशी करण्याचे धैर्य झाले नाही.

मुलांच्या रंगभूमीकडे पाहिले तरी हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. सुधा करमरकर ह्यांनी १९५९ साली रत्नाकर मतकरी ह्यांच्या ‘मधुमंजिरी’ने बालरंगभूमीचा पाया घातला. १९८६ च्या सुमारास पुण्याच्या थिएटर अकादमीने मोहन आगाशे ह्यांच्या पुढाकाराने बर्लिनची ग्रिप्स पद्धती मराठीत आणली. तीत मुलांचे प्रश्न मोठी माणसे मुलांच्या भूमिका करून मांडतात. हे दोन्ही उपक्रम मोलाचे, पण ते मुख्यतः मुलांसाठी आहेत. मुलांनी स्वतः रचलेले नाट्य ही निराळी गोष्ट. मतकरी ह्यांनीच उतारवयात, २०१४ साली ठाणे येथे, वस्त्यांतील मुलांसाठी वंचितांचा रंगमंच सुरू केला. आपल्या वस्तीचा विषय मुलांनी निवडावा, आपल्या शब्दांत मांडावा आणि आपणच करावा, अशी त्याची पद्धत. ब्राझीलमधील आउगुस्तो बोआल ह्यांनी प्रेक्षकालाच मंचावर बोलाविले, त्याच जातीचा हा विचार आहे; आणि बतावणी व झील ह्यांच्या परंपरेत वाढलेल्या महाराष्ट्राला तो परका वाटण्याचे कारण नाही.

२०१७ साली उस्मानाबाद येथे सत्त्याण्णवावे नाट्यसंमेलन भरले, २०२० साली साहित्य संमेलनही झाले. संमेलनाचा मांडव जिल्ह्याला मान देतो. तो उठल्यावर गावातील तरुणाच्या हाती काय उरते, ही कसोटी निराळी आहे. वरील इतिहासावरून एवढे निश्चित म्हणता येते की, जेथे तरुणाला स्वतःच्या वाणीने बोलू दिले गेले तेथे कलापथक टिकले आणि त्यातून नट निपजले. जेथे त्याला आधी वाणी बदलण्यास सांगितले गेले तेथे तो गप्प झाला. निजामाच्या राज्यात हे मौन हुकुमाने आले होते. आज ते गुणपत्रकाच्या एका रकान्याने येऊ शकते, आणि तो रकाना आपल्याच हाती आहे.